कौसामावशीची खाट

२ ऑगस्ट, शनि.
पसंतीक्रम भरायला गुरुवारपर्यंत मुदत. गेल्या वर्षीचे कटऑफ बघता माझ्या मार्कांना एमबीबीएसची दोनच कॉलेजं बसतात. एक सरकारी, विदर्भाच्या पार टोकाला. एक खासगी, नवं, आमच्या राणीसावरगावाहून दोन तासांवर. यापुढं लांबचं आणि जवळचं एवढंच लिहीन. पहिल्या नंबरला जे टाकीन तेच बहुतेक मिळणार.
मामा जवळच्याच्या मागं लागलेत. त्यांच्या जीपच्या तिकडं चकरा असतात. कशाच्या विचारलं तर म्हणाले, पॅसेंजर. इथून तिकडं कोण जातंय?

३ ऑगस्ट, रवि.
मामांनी माहितीपत्रक आणलं. गुळगुळीत कागद, फोटोतले पेशंट सगळे हसरे. आईची तब्येत बरी नसते; तिला पटलं, पोरगी शनिवारी घरी येईल म्हणून. अप्पा दुकानातलं शिवणकाम तसंच टाकून येऊन वाचत बसले.
मामांनी तिथल्या एका सिनियर मुलीचा नंबर दिला. सगळं छान आहे म्हणाली. पेशंट किती येतात विचारलं. "येतात," म्हणाली आणि फोन ठेवला.

५ ऑगस्ट, मंगळ.
मामा म्हणाले होते आज नको, गर्दी असते, उद्या मी नेतो. म्हणून मुद्दाम आजच गेलो, मी आणि अप्पा, एसटीनं.
गेटवर अडवलं. आज तपासणी, आत सोडणार नाही. पेशंट बघायला आलोय म्हणलं. कोणता? अप्पा गडबडले. मी म्हणलं, बायकांचा वॉर्ड.
वॉर्ड गच्च. एक खाट रिकामी नाही. अप्पा खूश. मला मात्र दवाखान्याचा वासच येईना. सलाइनचे स्टँड उभे, बाटल्या नाहीत. कुणी कण्हत नाही.
खिडकीजवळच्या खाटेवर कौसामावशी. आमच्या भिंतीला भिंत लागून घर तिचं. काल संध्याकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येताना बघितली होती. माझ्याकडं बघितलं अन् चादर तोंडावर ओढली. पलीकडं आमच्याच गल्लीतल्या अजून तिघी.
अप्पांनीही बघितलं. बाहेर मामांची जीप लावलेली. परतीच्या एसटीत घरापर्यंत अप्पा खिडकीबाहेर बघत.

६ ऑगस्ट, बुध.
कौसामावशीकडं गेले. लपवलं नाही तिनं. कॉलेजच्या मान्यतेसाठी तपासणीचे साहेब येणार म्हणून गावोगावची माणसं नेली. दिवसभर पडून राहायचं, जेवण आणि दिवसाची मजुरी मिळते. नेणारे मामाच.
कागद भरायला म्हणून एका तरुण डॉक्टरणीनं तिचं बीपी बघितलं. दोनदा बघितलं. मग स्टूल ओढून जवळ बसली. "मावशी, तुमचं खरंच वाढलंय," म्हणाली. हे सांगताना मावशी हसत होती. मला हसू येईना.
संध्याकाळी मामा आले. अप्पांसमोरच विचारलं.
"मामा, मला तिथं घालून तुमाला काय मिळणार हाय?"
मामांनी चहा संपवला. मग म्हणाले, "माणसं नेल्याचं भाडं मिळतं. तुझ्यापायी कोण काय देतंय मला? आक्काची तब्येत अशी, तू जवळ असावीस वाटलं."
आई उठून आत गेली. खरं बोलले का? नजर दिली नाही त्यांनी. पण ते कुणालाच देत नाहीत.
फॉर्म भरला. लांबचं पहिलं, जवळचं दुसरं.

७ ऑगस्ट, गुरु.
सकाळी कोपऱ्यावर परत जीप. साहेब अजून आहेत म्हणे. कौसामावशी पुढच्या सीटवर, धुतलेलं लुगडं. जाऊन म्हणलं, मावशी, नको जाऊ, खोटं कशाला पडून राहायचं.
"खोटं न्हाई जायले मी. त्या पोरीनं आपल्या पिशवीतल्या दोन गोळ्या दिल्या. डोस्कं हलकं झालंय तवापासून. परत या म्हणलीय."
मग म्हणाली, "तिला सांगितलं तुझं. आमच्या शेजारची पोरगी डाक्टर व्हायलीय, हितंच येणार हाय म्हणलं."
"मग?"
"तिला ये म्हणा, असं न्हाई म्हणली बघ. लय वेळ माझा हात धरून बसली."
मामांनी गाडी सुरू केली. माझ्याकडं बघितलं नाही.
फॉर्म पाचपर्यंत बदलता येतो. आईनं दोनदा विचारलं, बदलायचाय का. दोन्ही वेळा नाही म्हणलं.