पाच स्पीकर आणि आप्पांचा एक ‘वा’

रविवार, ११ सप्टेंबर २०११. सकाळी ११.१०

ठरलं. होम थिएटर घ्यायचं. निर्णय शांत डोक्याने घेतलेला आहे.

कारण आप्पा. म्हणजे माझ्या बायकोचे, मृणालिनीचे वडील, बाळासाहेब. आठ दिवसांपूर्वी सांगलीहून विमानाने इथे ओंगारला आमच्याकडे आले, २६ नोव्हेंबरला परत जाणार. ऐकू कमी येतं. कानाचं मशीन लावत नाहीत, त्याने माणूस म्हातारा दिसतो म्हणे. (वय ७४.) त्यामुळे टीव्ही फुल. तरी मालिकेतली सून काय पुटपुटली ते त्यांना कळत नाही. शेजारचा ब्रेंडन मात्र भिंतीपलीकडून सगळं फॉलो करतो. परवा विचारत होता, ती बाई सारखी का रडते?

खरं कारण फक्त इथे लिहितो. लग्नाला अकरा वर्षं झाली, आप्पांनी मला एकदाही ‘वा’ म्हटलेलं नाही. बाकी सगळ्यांना म्हणतात. इथल्या दुधाला वा. ३९ नंबरची बस एकदाच वेळेवर आली, तिला वा. ब्रेंडनच्या कुत्र्याला तर दोनदा. त्यात जूनमध्ये माझा ॲथलोन गावातल्या ऑफिसचा प्रोजेक्ट संपला, सध्या ब्रेक चालू आहे. मृणालिनी हॉस्पिटलला जाते, मुलगी ईशा शाळेत जाते, आणि आप्पा सकाळी दहाला मला पायजम्यात बघतात. बोलत काहीच नाहीत. तेच फार लागतं.

संकल्प: आप्पा परत जायच्या आत एक वा.

मंगळवार, १३ सप्टेंबर. दुपारी

रिसर्च सुरू. मुख्य वस्तू रिसीव्हर. टीव्हीचा आवाज त्या डब्यात जातो, मग पाच स्पीकर आणि एका वूफरमधून बाहेर येतो. मधल्या स्पीकरमधून फक्त संवाद. म्हणजे सून पुटपुटली की थेट आप्पांच्या कानात.

मृणालिनीने अडीचशे युरोचं बजेट मंजूर केलं. अट एकच, आधी सीव्ही अपडेट करायचा. करणारच आहे. आधी एक्सेल शीट करतो, म्हणजे हात बसेल.

मंगळवार, २० सप्टेंबर

शीट तयार. २३ रिसीव्हर, १४ कॉलम. वॅट, चॅनल, एचडीएमआय, थ्रीडी, वजन, उंची, रिमोटचा फील. ईशाने विचारलं, आपल्याकडे थ्रीडी टीव्ही आहे का. नाही. पण माणसाने पुढचा विचार करावा. ती इंग्रजीतच काहीतरी बोलून वर गेली. हल्ली मराठी फक्त जेवताना समजते तिला.

आप्पांना शीट दाखवली. चष्मा लावून खालपर्यंत वाचली. म्हणाले, जावईबापू, सगळं ठीक, पण डब्याच्या मागं काय लिहिलंय ते कुठं आहे यात? म्हटलं, मागे फक्त वायरी लावायची भोकं असतात. ‘बरं’ म्हणाले.

बरं म्हणाले. ‘वा’च्या बरंच जवळ आलोय.

रविवार, २५ सप्टेंबर

आज मोठी झेप. जाहिरात बघून ॲथलोनला गेलो आणि सेकंडहँड स्पीकरचा सेट उचलला. युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत तो विकणारा, फार सज्जन. वूफर थोडा खडखडतो का, विचारलं, तर म्हणाला, नाह, इट्स ग्रँड, म्हणजे एकदम ठीक. आणखी काय खात्री हवी?

येताना जुन्या ऑफिसवरून गाडी घेतली. उगीच. पार्किंगमध्ये माझ्या जागी कोणाची तरी लाल गाडी होती. असो.

मृणालिनीने विचारलं, रिसीव्हरशिवाय हे वाजणार कसे? पाया आधी, मग घर, हे डॉक्टर लोकांना समजत नाही.

रविवार, २ ऑक्टोबर

स्पीकर सिटिंग रूममध्ये पाच कोपऱ्यांत लावले. खोलीला कोपरे चार. पाचवा फ्रिजवर.

पाऊस थांबत नाही, त्यामुळे मृणालिनीने मागच्या दोन स्पीकरवर आप्पांचे बनियन वाळत घातले. मी आक्षेप नोंदवला. ती म्हणाली, वाजायला लागले की काढते. आप्पा रोज सकाळी चहा घेताना विचारतात, आज बोलणार का हे? आवाजात चेष्टा आहे असं मृणालिनीला वाटतं. मला उत्सुकता वाटते.

गुरुवार, ६ ऑक्टोबर. दसरा

आजचा मुहूर्त होता. हुकला. एका फोरमवर एका माणसाने माझं क्रमांक एकचं मॉडेल कचरा म्हटलं. त्याला सहा पानी उत्तर दिलं. ते लिहिताना जो फ्लो लागला होता तो सीव्हीला लागला तर कुठल्या कुठे जाईन.

आप्पांनी मात्र मुहूर्त साधला. बॅगेतून स्वतःचा टेस्टर आणि पक्कड काढली, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. सांगली भागात वीज मंडळात चौतीस वर्षं काढली त्यांनी, खांबापासून सबस्टेशनपर्यंत. विमानात पक्कड कशी आणली विचारलं. म्हणाले, मोठ्या बॅगेत, भाजणीत खुपसून.

मी लॅपटॉपला फूल वाहिलं. शीट उघडी होती, तिलाही पोचलं असणार.

बुधवार, १२ ऑक्टोबर. रात्री १०.३०

युरेका! माझं मॉडेल इथे ३८० युरो. तेच अमेरिकेत डॉलरमध्ये जवळजवळ निम्म्यात! आणि गोविंद, म्हणजे पलीकडच्या गल्लीतला, बॉल्सब्रिजला ऑफिस असलेला, उद्या ऑफिसच्या कामाला न्यू जर्सीला चाललाय. येताना आणेल. आपले लोक कशाला असतात?

गोविंद आधी नको म्हणत होता. स्वप्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, मोठी यादी दिली आहे म्हणे. मी त्याला समजावलं की कपडे इथेही मिळतात. जेवायला बोलावलं. गुलाबजाम खाऊ घातले. सहाव्याला तो हो म्हणाला.

आप्पांना बातमी दिली. अमेरिकेतनं? म्हणाले. मग पुन्हा तेच. मागं काय लिहिलंय ते तेवढं बघून घ्यायला सांगा त्यांना. म्हटलं आप्पा, हे डिजिटल आहे. त्यांचं क्षेत्र ट्रान्सफॉर्मर, माझं डिजिटल. आदर ठेवूनच म्हणालो.

शनिवार, २२ ऑक्टोबर

आला! काय खोका आहे! नऊ किलो. गोविंदने दारात ठेवला आणि पाठ धरून निघून गेला. स्वप्नाची निम्मी यादी न्यू जर्सीत राहिली, त्यामुळे ती आमच्याशी बोलत नाही. येईल ताळ्यावर. पाडव्याला सगळ्यांना बोलावून उद्घाटन करणार आहे, ते ऐकेल तेव्हा कळेल.

प्लगच्या पिना चपट्या निघाल्या, इथल्या सॉकेटात जात नाहीत. किरकोळ. दुकानातून ॲडॉप्टर आणला, झाला प्रश्न मिटला. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरला असता.

आप्पा खोक्याभोवती दोनदा फिरले. उघडू का म्हणाले, मागचं वाचतो. सक्त मनाई केली. पाडव्यापर्यंत सरप्राइज. वर हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे लपवला. आप्पा जिन्याखालून ओरडले की पिन बदलली म्हणून वीज बदलत नाही हो जावईबापू. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मीही ऐकलं नाही असं दाखवलं.

बुधवार, २६ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

उद्याची तयारी. सहा कुटुंबं येणार, सगळी ओंगारमधली. क्रम असा: फराळ, रिसीव्हरची पूजा, माझं दोन मिनिटांचं प्रास्ताविक, मग आप्पांची मालिका. कालचा भाग रेकॉर्ड करून ठेवलाय, मुद्दाम त्यांना बघू दिला नाही. त्यात सून काहीतरी महत्त्वाचं पुटपुटणार आहे. आप्पा चिडलेत. चालेल. उद्याचा वा दुप्पट येईल.

झोपण्यापूर्वी आरशासमोर नम्र चेहऱ्याचा सराव केला. ‘अहो आप्पा, त्यात काय एवढं.’ चांगला जमतोय.

गुरुवार, २७ ऑक्टोबर. पाडवा. रात्री ९.३०

क्रमाने लिहितो.

६.३०: सगळे आले. स्वप्नाही आली, पण भिंतीकडे बघत बसली. चकल्यांचं कौतुक झालं.

६.५०: पूजा. रिसीव्हरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडायचा मृणालिनीने नाकारला, लॅमिनेट फ्लोअर आहे. आप्पांनी खाली वाकून मागे डोकवायचा प्रयत्न केला, मी त्यांना सन्मानाने मधल्या सोफ्यावर बसवलं. तिथे पाचही स्पीकरांचा आवाज सारखा पोचतो. टेपने मोजून ठेवलंय.

७.००: प्रास्ताविक. अकरा मिनिटं झालं.

७.११: आप्पा उभे राहिले, हात वर करून काहीतरी म्हणत होते. मला वाटलं आशीर्वाद. बटण दाबलं.

७.११ आणि काही सेकंद: फट्.

मग पूर्ण घरातले दिवे गेले. फक्त पणत्या राहिल्या. फारच छान दिसत होतं, मागे कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग वास आला. मग धूर. मग स्मोक अलार्म वाजला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर असा स्वच्छ आवाज या खोलीत आजवर कोणी ऐकला नव्हता. आप्पांनी चक्क कानांवर हात ठेवले.

ब्रेंडन धावत आला. इज द लेडी ऑलराइट, विचारत होता.

अंधारात आप्पाच पुढे झाले. जिन्याखालच्या फ्यूजच्या पेटीशी गेले, खटका वर केला, दोन मिनिटांत घर उजळलं. सहाच्या सहा कुटुंबं एका सुरात म्हणाली, वा आप्पा!

मग आप्पांनी रिसीव्हर उलटा केला. मागे छोट्या अक्षरांत लिहिलं होतं: १२० व्होल्ट. इथल्या भिंतीत २३०. ॲडॉप्टरने फक्त पिनांचा आकार बदलला, बाकी वीज होती तेवढीच गेली. गोविंदने खुर्चीत बसून पाठ चोळली. स्वप्ना हसली. पाच दिवसांनंतर पहिल्यांदा.

मला रडू येत होतं. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे.

शनिवार, २९ ऑक्टोबर. संध्याकाळी

वॉरंटी अमेरिकेत लागू आहे. रिसीव्हर ओंगारमध्ये आहे.

आप्पांनी जमिनीवर पेपर पसरला, डबा उघडला आणि मला शेजारी बसवलं. वाटलं, आता काढतील अकरा वर्षांचं. त्यांनी पक्कडीच्या टोकाने जळका ट्रान्सफॉर्मर दाखवला. मग मिरजेला एकदा अख्खा ट्रान्सफॉर्मर त्यांच्याच हातून कसा उडाला होता ते सांगितलं. नवीन होते तेव्हा, साहेबांचं ऐकलं नव्हतं. तीन गावं दोन रात्री अंधारात. त्यानंतर मागची पाटी वाचल्याशिवाय कशाला हात लावला नाही.

एक वाजेपर्यंत बसलो होतो. मी पायजम्यातच होतो, ते दुपारी लक्षात आलं. बरं वाटलं, खरंच.

शीटमध्ये पंधरावा कॉलम टाकला: व्होल्टेज.

रविवार, ६ नोव्हेंबर

मंगळवारी आप्पा आणि ईशा सुपरमार्केटला कोथिंबीर आणायला गेले आणि टीव्हीचा वायरलेस हेडफोन घेऊन आले. १९ युरो. ईशाने चार मिनिटांत लावला. इट्स ग्रँड, बाबा, म्हणाली.

तेव्हापासून आप्पा मालिका बघतात, घरात चिडीचूप. सून काय पुटपुटली ते फक्त त्यांनाच कळतं आणि ते कोणाला सांगत नाहीत. ब्रेंडन अस्वस्थ आहे. आज दारात येऊन विचारलं की तिचं पुढे काय झालं.

आवाजाची क्वालिटी कशी आहे, मी आप्पांना कागदावर लिहून विचारलं. हेडफोन न काढता म्हणाले, वा.

तो हेडफोनला होता. मोजलेला नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

सीव्ही पूर्ण केला. कौशल्यांमध्ये ‘तुलनात्मक संशोधन’ लिहिलं आहे. मृणालिनीने वाचला आणि तेवढं काढून टाकायला सांगितलं. ठेवलं आहे.

स्पीकर अजून आहेत. बनियन वाळतात छान.

शनिवार, २६ नोव्हेंबर. एअरपोर्टवरून आल्यावर

आप्पा गेले. घर फार शांत आहे. टीव्ही मुद्दाम मोठा लावला, पण मजा नाही.

सकाळी त्यांचं सामान बॅगेत मावेना. चॉकलेटं, भाचेकंपनीचे स्वेटर, ईशाची चित्रं, हेडफोन, पक्कड. आप्पांनी घरभर फिरून हॉट प्रेस उघडलं आणि टॉवेलांमागून रिसीव्हरचा रिकामा खोका बाहेर काढला. कोपरे दाबून बघितले. तळावर मूठ आपटली. आधी उलटा करून मागे काय लिहिलंय ते वाचलं. मग सामान भरलं. सगळं मावलं. नायलॉनची दोरी मी बांधली, मार्करने सांगलीचा पत्ताही मीच घातला.

मग आप्पांनी खोक्यावर थाप मारली, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाले, वा, जावईबापू! काय खोका आणलाय, वा!

दोन वा. मृणालिनी, ईशा आणि कुत्र्यासह ब्रेंडन साक्षीला होते. वा खोक्याला होता असं मृणालिनीचं म्हणणं आहे. पण खोका २३ मधून निवडला कोणी?