लाकूड मुरतंय

३ फेब्रुवारी

दोनशे खुर्च्या, चाळीस दिवसांत. धाकटा हॉटेलवाल्याकडून आला तो वहाणा न काढताच सांगत सुटला. नवं हॉटेल, दोन मजले, सगळ्या खुर्च्या आपल्याकडूनच. "ताई, बाबांनी दहा वर्षांत केल्या नसतील एवढ्या!"

मी विचारलं, लाकूड कुठाय? शेडमध्ये आहे ते ओलं. बाबांच्या शेवटच्या आजारपणात जुना साठा संपला, नवं येऊन जेमतेम सहा महिने झाले. मुरायला अजून दीड वर्ष तरी हवं.

"भट्टीत टाकू. बारा दिवसांत कोरडं."

मग माझं सुरू झालं. जाड फळी घाईनं भाजली की वरून कोरडी, आतून ओली. वर्षभरात सांधे सुटतात. आणि लाकडावरून मी माणसांवर गेले, आजच्या काळावर गेले, आधी कळस मग पाया बांधणाऱ्यांवर गेले. अर्धा तास. तो ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "झालं? टाळ्या वाजवू?"

४ फेब्रुवारी

अबोला. चहा मात्र दोघांचा एकाच भांड्यात.

६ फेब्रुवारी

तो डागडुजीच्या कामाला बाहेर गेला होता. शेडमध्ये एकटीच बसले. फळ्यांवर फळ्या, मध्ये वारा खेळावा म्हणून बारीक पट्ट्या. ओल्या लाकडाचा तो आंबूस वास — डोळे मिटले तर मी पुन्हा परकरातली.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा फळ्या काट्यावर ठेवायचे. मी आकडा वाचायची, ते खडूनं फळीच्या टोकावर लिहायचे. सलग तीन महिने वजन उतरलं नाही, की फळी तयार.

माझं पहिलं व्यासपीठही तीच रास. स्पर्धेचं भाषण पाठ करून मी वर चढायची आणि बाबा रंधा मारता मारता ऐकायचे. संपलं की वर न बघता म्हणायचे, "ओलं आहे अजून." असा राग यायचा! खाली उतरायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा चढायची. एकदाच, कितव्यांदा कोण जाणे, रंधा थांबला. "हं. आता कापायला हरकत नाही." पुढे मोठमोठी सभागृहं पाहिली, हार घातले लोकांनी. त्या वाक्याची सर कशालाच आली नाही.

९ फेब्रुवारी

आज फुटलं. तो म्हणाला, ही ऑर्डर घेतली नाही तर मी फर्निचरच्या कारखान्यात मुकादम म्हणून जातो, बोलणं झालंय. दुकान तू चालव, नाहीतर कुलूप लाव.

"थेंबे थेंबे तळे साचे" म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाला, "तळं साचेपर्यंत तहानेनं मरू? तुझं बरंय ताई. तू सबुरीवर बोलतेस, मी सबुरीवर जगतो."

लागलं. म्हणून मी हुकमाचं पान काढलं. बाबांची ती दोन वर्षं. दुकान नवं, घरात दोन लहान पोरं, आणि लाकूड मुरेपर्यंत त्यांनी एक खुर्ची विकली नाही. आमच्या घरातली ही पोथीच. माझ्या किती सभा या गोष्टीवर गाजल्या असतील.

या गोष्टीपुढं तो नेहमीच गप्प होतो. उद्याचा दिवस सोडून अकराला हॉटेलवाल्याला शब्द द्यायचाय, एवढंच पुटपुटला.

११ फेब्रुवारी

हॉटेलवाला बाहेरगावी. शब्द सतरापर्यंत लांबला.

१२ फेब्रुवारी

पॉलिशवाले काका आले होते. बाबांबरोबर पहिल्या दिवसापासून होते, आता नजर अधू झालीय. मी म्हटलं, काका, धाकट्याला जरा सांगा ना, बाबा त्या दोन वर्षांत कसे ठाम राहिले.

काका हसायलाच लागले. "ठाम? अगं पोरी, कुणी मागितलीच नव्हती खुर्ची."

"म्हणजे?"

"म्हणजे गिऱ्हाईक नव्हतं! रोज दार उघडायचा, झाडायचा, बसायचा. तू एवढीशी. सारखी विचारायचीस, बाबा काम का नाही करत? आता पोरीला काय सांगणार? म्हणाला, लाकूड मुरतंय."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"मग नंतरच्या त्या पहिल्या खुर्च्या?"

"त्या झाल्या ना झकास! दोन वर्षं पडून राहिलेलं लाकूड ते. तेव्हा त्यालाही कळलं. मग जन्मभर लाकूड दोन वर्षं आधी आणून ठेवायचा. पण आधी कळलं आणि मग केलं, असं नाही हो. आधी उपास घडला, मग एकादशी निघाली."

१३ फेब्रुवारी

सांगावं का धाकट्याला? सांगितलं तर माझा पक्ष आडवा. न सांगितलं तर तो राहील, आणि मी आजवर व्यासपीठावरून ज्या सोयीपुरतं खरं बोलणाऱ्यांना झोडपत आले त्यांच्यातली एक होईन.

मुख्य म्हणजे बाबांचा राग येत नाही. तो रिकाम्या दुकानात बसलेला तरुण माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. केवढा एकटा असेल. आणि वर माझा प्रश्न.

१४ फेब्रुवारी

सांगितलं. भाषण नाही, चार वाक्यांत.

तो हसता हसता ठसकला. म्हणाला, "आणि आपण दोघं ती गोष्ट ऐकत म्हातारे झालो!" मग बराच वेळ पायानं भुसा सारखा करत राहिला.

"ताई, म्हणजे बाबांवर ही वेळ आलीच नव्हती."

"कुठली?"

"समोर गिऱ्हाईक उभं आणि आत लाकूड ओलं."

मीही पायानं भुसा सारखा करायला लागले.

दुपारी शेडमध्ये गेला. दहा-बारा फळ्या ओढून वजन केलं, टोकावरच्या खडूच्या आकड्यांशी ताडलं. सगळ्यांचं अजून उतरतंय.

१७ फेब्रुवारी

धाकट्यानं माझ्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला. "दीड वर्ष थांबत असाल तर करतो. नाहीतर दुसरीकडून घ्या." तो दुसरीकडून घेणार आहे. कारखान्यालाही येत नाही म्हणून कळवलं.

बाबांनी जन्मात एका गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नव्हतं. या दुकानाचा हा पहिला नकार.