छडीबुवांचे हात

पिपरी मेघे,
संक्रांतीचा दुसरा दिवस, २०२५

प्रिय हरिदास,

तिळगूळ पोचला असं समज. इकडे थंडी बरी आहे, आनंदाबाईचे गुडघे बरे नाहीत, आणि मी खिडकीशी बसून अजूनही भुजंगप्रयाताचे गण बोटांवर मोजतो.

तुझं कार्ड मिळालं. नेहमीच्या तीन चौकटी, बोलण्याचे फुगे माझ्या ओळींसाठी रिकामे. शाळेत असताना पेपरातली अमेरिकन चित्रपट्टी पाहून आपण हा खेळ मांडला. चित्रं तुझी, शब्द माझे. तेव्हापासून आपल्या पट्टीतले छडीबुवा मास्तर हात पाठीमागे बांधूनच उभे आहेत, कारण तुला बोटं कधी काढताच आली नाहीत.

या कार्डात त्यांनी खडू धरलाय. पाचही बोटं, नखांसकट.

आनंदाबाईला दाखवलं. म्हणाली, "हरिदासभाऊजींचा हात सुधारला तं तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

दुखतंच. फोन केला की तुझी सून ज्योत्स्ना म्हणते, "बाबा झोपले." भर दुपारी! दुपारी झोपणाऱ्याला तू जन्मभर म्हैस म्हणत आलास.

अमेरिकेत काय चालायचं ते तूच मला सांगितलंस. चित्रकार दुसऱ्या मालकाकडे गेला, तर पहिला पेपर पट्टीतलं तेच पोरगं दुसऱ्या चित्रकाराकडून काढून घ्यायचा. चित्रकार मेला तरी पट्टी चालू, मदतनीस काढायचा, कधी कधी नावही जुनंच. तू म्हणायचास, वाचकाले कळत नाई. मी म्हणायचो, कळतं, पण तो बोलत नाही. त्याला रोज सकाळी पट्टी हवी असते.

तुझ्या हिंगणीची बस इथून रोज जाते. तरी दिवाळीपासून मी आलो नाही. तेरवीचा निरोप आला नाही, म्हणजे तू आहेस, एवढा धीर होता. कार्ड येतंय तोवर विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. पण ती नखं पाहिली आणि राहवेना.

हात गेला का रे? आणि फोनवर येत नाहीस, म्हणजे वाचाही?

ज्योत्स्ना, बेटा, हे तूच वाचून दाखवत असशील. बोटं सुरेख काढतेस. पण छडीबुवांचे हात मागेच राहू दे, आणि खाली तुझं नाव लिहीत जा.

हरिदास, रविवारी येतो. तुला बोलायची गरज नाही. रिकामे फुगे भरायची मला सवय आहे.

तुझे शब्द,
मधुकर