ओट्यासमोरची रांग

कसबा पेठ, पुणे
माघ वद्य चतुर्थी

प्रिय जयसिंग,

सात वर्षांनी तुला पत्र लिहितोय. फोनवर मी लवकर चिडतो, तुला माहीत आहे. यंदा द्राक्षांची पेटी गाडीवर घालू नकोस, एवढं आधी सांगतो. रागाने फाडू नकोस, पुढे वाच.

गेल्या रविवारी मी मळ्यावर येऊन गेलो. तू नाशिकला गेला होतास म्हणे. पेठेतल्या मंडळाने सहल काढली होती, आपल्याकडे शूटिंग झालेल्या त्या सिनेमातल्या जागा बघायला. तुझी वहिनी प्रेमला म्हणाली, या जाऊन, घरात बसून किती दिवस कुढणार? गाण्यातला बंधारा बघितला. नायिका रडते तो द्राक्षांचा मांडव बघितला. बायका तिथे आळीपाळीने रडून फोटो काढत होत्या. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, मी मागे रेंगाळत होतो. शेजारचे श्यामसुंदर मास्तर म्हणाले, "बजरंगराव, सहलीला आलात की दहाव्याला?" हा आमचाच मळा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटी 'हिरोचं घर' आलं. भिंतींना निळा रंग. वाइनच्या कारखान्यातली, माहिती द्यायला नेमलेली मुलगी सांगत होती, "इथे बसून हिरो आईची वाट बघतो." बसून फोटो काढायला रांग लागली. ज्या ओट्यावर वडिलांनी आपल्याकडून पाढे म्हणून घेतले, तिथे बसायला मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्याला पुढे जाऊ दिलं. याच ओट्यावरून मी उठून गेलो होतो ना. तू खाण्याची द्राक्षं काढून वाइनची लावलीस, आणि मी तुळशीच्या माळेला हात लावून म्हणालो, या मळ्याचं पाणीसुद्धा घेणार नाही. तू म्हणालास, "अण्णा, माळ तुमच्या गळ्यात आहे, मळा माझ्या." दोन वर्षं गारपिटीने तुझी बाग झोडपली होती. मी शाळेच्या कचेरीत पंख्याखाली बसून विठ्ठलाचं नाव घेत होतो. तुला एका शब्दाने विचारलं नाही.

मग त्या मुलीने आम्हाला मागे म्हसोबाजवळ नेलं. तिथे एकच जुनी वेल, लांबट हिरव्या मण्यांनी लगडलेली. "शूटिंगवाले म्हणाले, कॅमेऱ्याच्या आड येते, तोडा. मालक म्हणाले, मग सिनेमा दुसरीकडे काढा. हिची द्राक्षं कारखान्यात जात नाहीत. पहिला घड देवाला, बाकीची पेटी पुण्याला, थोरल्या भावाला. ते माळकरी आहेत." मास्तर म्हणाले, "नशीबवान आहे लेकाचा." मी चपला काढून म्हसोबाला हात जोडले.

तेवढ्यात तुझी कारभारीण मैना सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली. मला बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो.

आता जे लिहायचं ते लिहितो. दर फाल्गुनात तुझी पेटी येते. सात वर्षं मी ती न उघडता मंडईत नेऊन हमालांना देत आलो. वाइनचीच द्राक्षं असणार, असं धरून चाललो. एकदा जरी झाकण काढलं असतं तरी मण्यावरून ओळखलं असतं. द्राक्षातच वाढलो आपण. तुला वाटत असेल, अण्णा बोलत नाही पण खातो तरी. मी एक मणीसुद्धा खाल्लेला नाही, जयसिंग. राग धरून धरून आता थकलो आहे, आणि तो कशावर धरला होता हे बघून जास्तच.

म्हणून पेटी पाठवू नकोस. ती वेल पिकली की एक निरोप दे. पहिला घड देवाला तू दाखव. दुसरा मी म्हसोबापाशी बसून खाईन. तू बसू देशील तर ओट्यावर.

तुझाच,
अण्णा