संगणकापुढची रांग

ताईच्या आईस आशीर्वाद.

गुडघा सोडला तर मी इथे ताईकडे खुशाल आहे. तुझ्या हातांच्या कंपावर औषध शोधायला ताईला हजारो रसायनं संगणकात तपासायची आहेत. हॉलभर पसरलेलं ते धूड वर्षाचं काम दिवसात करतं म्हणे, पण त्याच्यापुढेही दवाखान्यासारखी रांग! आमचा नंबर काही लागत नाही.

मी वैतागून ताईला म्हटलं, "तिथल्या साहेबांना सांग ना, माझी आई आजारी आहे, मला पुढे घ्या."

"बाबा, रांगेतल्या प्रत्येकाचं कुणीतरी आजारी आहे."

मग तुला हे पत्र लिहायला बसलो.

गोळ्या घेतेस ना? कप अर्धाच भरत जा. आणि सूनबाईकडून पत्र लिहून घेऊ नकोस. अक्षर वाकडं येऊ दे, पण तूच लिही. मला तुझंच अक्षर लागतं.

ताईचे बाबा