परवानगी आली तेव्हा

१९ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल, असं धरून चालते. इकडे चिखल बराचसा निघाला. खालच्या गल्ल्यांत अजून कुबट वास आहे, पण दुकानं उघडली. आपल्या घरातलं लाकडी कपाट फुगलंय, दार लागत नाही.

परवाच्या ऑनलाइन बैठकीत तू मला ‘मॅडम’ म्हणालास. राष्ट्रीय जनसुरक्षा परिषदेचा सदस्य शहर परिषदेच्या सचिवाला तसंच म्हणणार, हे कळतं मला. तरी टोचलं. "मॅडम, परवानगी नसताना लोकांना घाबरवायची एवढी काय घाई होती?" असं विचारलंस आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. तुझं तोंड उघडंच राहिलं. माझ्या शेजारी बसलेले फायर ऑफिसर खुदकन हसले. मी उत्तर द्यायला गेले, तर माझा माईक तुमच्याकडून बंद. म्हणून हे लिहितेय.

घाई काय होती, ते ऐक.

दुपारी धरणावरच्या इंजिनीअरचा फोन आला. "ताई, दरवाजे उघडावेच लागणार. संध्याकाळच्या आत खालच्या गल्ल्यांत पाणी शिरेल." सायरन माझ्या ऑफिसच्या गच्चीवरच आहे. पण तो वाजवायचा तर तुमच्या कंट्रोल रूमकडून मंजुरी यायला हवी, त्याशिवाय बटण दाबून उपयोग नाही. खोट्या इशाऱ्यांनी पळापळ होते म्हणून हा नियम. तो कोणी लिहिला, ते मी आत्ता काढत नाही.

जिल्ह्याला फोन लावला. ते म्हणाले, राज्याला विचारा. राज्यवाले म्हणाले, केंद्राला विचारा. तुमच्याकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुमची विनंती पुढे पाठवली आहे."

"पुढे म्हणजे कुठे? पाणीही पुढेच येतंय, बाई."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत, मॅडम."

"कसली मीटिंग?"

"समन्वयाची."

मग तुझ्या मोबाइलवर केला. तू कापलास. पुन्हा केला, पुन्हा कापलास.

शेवटी मी फायर ऑफिसरना विचारलं, "बंबाचा भोंगा वाजवायला कोणाची परवानगी लागते?"

"आग लागली की माझीच."

"मग लागलीय असं समजा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि टोपी उचलली. बंब बोंबलत खालच्या गल्ल्यांतून फिरले. इन्स्पेक्टर ‘माझी नोकरी घालवणार तुम्ही’ असं पुटपुटत मागून लाउडस्पीकर घेऊन निघाले. माणसं चढावरच्या शाळेत जमली. आईही शेजारीणबाईंचा हात धरून नीट पोचली. पाणी खिडक्यांपर्यंत चढलं, पण बुडालं कोणी नाही. कोणीच नाही, दादा. त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी मनापासून रडले, सुटल्यासारखी.

हे मी बैठकीत सांगितलं असतं. पुढचं मात्र माईक चालू असता तरी सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं होतं. लोक फावडी घेऊन घरात उतरले होते. आईला नको म्हटलं, तरी ती माळ्यावरच्या गाद्या बघायला वर चढली. मी अंगणात गाळ ओढत होते. तेवढ्यात सायरन वाजला. तुमची मंजुरी आली होती! विनंती गेलेली असली, की मंजुरी येताच तो आपोआप वाजतो, तशीच सोय आहे ना? सगळी गल्ली फावडी टाकून पळत सुटली. ‘थांबा, काही नाहीये’ म्हणून मी ओरडत होते, पण त्या आवाजात माझं कोण ऐकणार? आई जिन्यावरून घाईघाईने खाली आली. पायऱ्यांवर चिखल होता.

बैठकीत तू म्हणालास, "एक किरकोळ जखमी वगळता सर्व सुरक्षित." ती किरकोळ जखमी म्हणजे आपली आई. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, यापुढे वॉकरशिवाय चालणं कठीण.

तुला कळवू नको, असं तिनेच बजावलं होतं. "त्याला कळलं तर त्याचं कामात लक्ष लागणार नाही." मी ऐकलं, कारण मलाही तुझा आवाज ऐकायचा नव्हता. चिडून मी तिला म्हटलं, "पाणी गेलेलं तुला दिसत होतं ना? मग पळालीस कशाला?" तर म्हणाली, "सायरन वाजला की थांबायचं नाही, असं तूच तर गल्लीत सगळ्यांना शिकवलंस."



परवानगीविना इशारा दिला म्हणून आलेल्या तुमच्या नोटिशीला मी आज उत्तर दिलं. माफी मागितलेली नाही. पाणी ज्याला दिसतंय, त्याच्या हातात सायरन द्या, एवढंच लिहिलं. त्यासाठी मला काढायचं असेल तर खुशाल काढा. चौकशीत माझी बाजू घेऊ नकोस, भाऊ म्हणून तर नकोच. पण तो नियम पुन्हा चर्चेला येईल तेव्हा मान खाली घालून बसू नकोस.

आई सरकारी दवाखान्यात आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कॉटवर. दुपारी भेटायला सोडतात. गाडी, शिपाई, फोटोवाला असलं काही आणू नकोस. एकटा ये. इथे यायला तुला कोणाची मंजुरी लागत नाही.

तुझीच,
छोटी
(सचिव म्हणून सही त्या उत्तराखाली केली आहे.)