बिनकंगव्याचे केस

१० मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते नात्यामुळे आहेत, तुझ्या वागणुकीमुळे नाहीत.

रविवार, दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या दारावरची बेल वाजली. दार उघडलं तर समोर एक इसम उभा. डोक्यावर उपटलेल्या गवताचा ढीग, काखेत खाकी कागदातलं पुडकं. पार्सल ठेवून जा, असं मी त्याला सांगणारच होते. मागून सूनबाई दिसली म्हणून तू ओळखू आलास. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासल्यामुळे नुकसानीची तारीख आणि वेळ आधी लिहायची सवय आहे, म्हणून ही नोंद.

माझा सत्तरावा वाढदिवस होता. कोणाकडून काही मागितलं नव्हतं, एक धड फोटो तेवढा मागितला होता. मधल्या खुर्चीवर मी आणि मागे तू, ज्याला मी आईवेगळा म्हणून लहानाचा मोठा केला. दिवाणखान्यातल्या सगळ्या फोटोंत तुझा भांग असा आहे की फूटपट्टीने लाजावं. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ओळीत उभं करून भांग तपासत. वाकडा भांग म्हणजे वाकडं मन, असं त्यांचं मत होतं. मन सरळ झालं की नाही ते देव जाणे, पण भांगाची सवय लागली आणि ती मी तुला लावली. या फोटोत मात्र तू नुकताच कोणाशी तरी मारामारी करून आलेला, आणि हरलेला दिसणार. शेजारीण हळूच विचारत होती की मुलाचं सगळं ठीक आहे ना.

शिवाय उजवा हात अख्खा वेळ खिशात. केकची बशीसुद्धा डाव्या हाताने घेतलीस. मी टोकलं तर हसलास. हल्ली अशीच स्टाइल असते, असं सूनबाई म्हणाली. म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती.

माझ्या दादाच्या फोटोला तू करून आणलेली फ्रेम भिंतीवर लावली आहे. तिच्याबद्दल नंतर लिहीन. आधी केसांचा खुलासा पाठव. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे का केलं, आणि कोणत्या दुकानात?

लोभ आहे, पण तो गृहीत धरू नकोस.
आत्या


१५ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. वाकल्यामुळे डोकं पुन्हा तुझ्यासमोर येतंय, त्याबद्दल आधीच क्षमा कर.

पत्र टाइप केलेलं आहे म्हणून चिडू नकोस. दुकानात कॉम्प्युटर आलाय, त्याला काहीतरी काम द्यायला हवं ना.

आता खुलासा. ह्याला टेक्स्चर्ड क्रॉप म्हणतात. बाजू आणि मान बारीक, वरचे केस बोटभर. माझे केस सरळ, तारेसारखे, एका लांबीत ठेवले तर कपाळावर झापडासारखे पडतात. म्हणून केस कापणाऱ्याने कात्री उभी धरून टोकं लहानमोठी कापली. त्याने आधी मला तीन फोटो दाखवले होते. पहिल्या कटला रोज ड्रायर लागतो. दुसऱ्याच्या कडा सतत कोरून घ्याव्या लागतात. तिसऱ्याला काहीच लागत नाही, म्हणून मी तिसरा निवडला. सकाळी डोकं धुवायचं, टॉवेलने पुसायचं, केस अर्धे ओले असताना वाटाण्याएवढं क्ले घ्यायचं (केसांचं घट्ट मलम, त्याला वास नाही, चमक नाही, तुला चालेल) आणि बोटं केसांतून फिरवायची. विस्कटले तर उत्तमच, ते विस्कटण्यासाठीच कापलेले असतात. कंगवा मी निवृत्त केलाय, तुझ्यासारखा सन्मानाने.

हात खिशात घालायला फोटोवाल्यानेच सांगितलं होतं. ऐटदार दिसतं म्हणे.

दुकान बरं चाललंय. मोठे आरसे सध्या घेत नाही. काच जड असते, ने-आण करताना फुटण्याची भीती, आणि हल्ली लोकांना घाई असते म्हणून तयार फ्रेमाच जास्त ठेवल्यात. सगळेच फ्रेमवाले आता असंच करतात.

फ्रेमबद्दल नंतर लिहीन असं का म्हणालीस? आवडली नाही का?

राग केसांपुरताच ठेव, खालच्या माणसावर माया असू दे.
तुझा ठोंब्या


१७ मार्च

ती. आत्याबाईंना,
नमस्कार.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. भाजीला जाते म्हणून बाहेर पडले आहे आणि पोस्टातल्या बाकावर बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या.

परवाचं पत्र ह्यांनी तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. कॉम्प्युटर दुकानात कितीतरी वर्षांपासून आहे. थंडी सुरू झाली तेव्हापासून ह्यांचा उजवा हात डोक्यापर्यंत नीट जात नाही. भांग पाडताना कंगवा बेसिनमध्ये पडायचा. मधेच भांग वळायचा, मग केस ओले करून पुन्हा पहिल्यापासून. दुकान उघडायला उशीर व्हायला लागला. एकदा न राहवून मी कंगवा घेतला आणि भांग पाडून दिला. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन खणात टाकला. त्याच दुपारी जाऊन हा कट करून आले. क्ले पण मीच लावते. डाव्या हाताने जमवायला बघतात, पण मागे गोळे राहतात.

तुमच्या फ्रेमची पट्टी त्यांनी पुन्हा पुन्हा कापली. दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ म्हटलं तर म्हणाले, बाबांचा फोटो आहे.

डॉक्टरचं नाव काढलं की खांदा आखडलाय म्हणतात आणि दुकानात निघून जातात. खांदा असेलही. पण हात मांडीवर ठेवला की अंगठा आपोआप हलतो. माझं लक्ष गेलं की ते हात उशीखाली घालतात. सासऱ्यांना मी फक्त शेवटी पाहिलं. सुरुवात तुम्ही पाहिली आहे. ती अशीच होती का? मला रोज विचारावंसं वाटतं, आणि विचारलं तर उत्तर येईल म्हणून भीती वाटते.

मी सांगितलं असं कृपा करून लिहू नका. तुमच्या मायेवर भरवसा ठेवून थांबते.
सूनबाई


२० मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद. ह्या वेळी विनाअट.

खुलासा मिळाला, वाचला आणि फेटाळला. मला कोणी काही सांगितलेलं नाही, सांगायची गरजही नाही. खोट्या दाव्याची एक खूण असते. न विचारलेल्या गोष्टींची त्यात सविस्तर उत्तरं असतात. मी केसांबद्दल विचारलं होतं. जड आरशांबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

आता फ्रेमबद्दल. तू काम शिकत होतास तेव्हा माझ्या डोक्यावरचा केस मागून न्यायचास, सांध्यात घालून बघायला. कोपऱ्यात केस शिरला तर काम परत, असा तुझा नियम. गिऱ्हाईक ठीक आहे म्हणालं तरी तू ती फ्रेम देत नसायचास. दादाच्या फ्रेमच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टाचं तिकीट आरामात जातं. मी त्याच दिवशी घालून पाहिलं. म्हणून केसांवर एवढी बोलले. दुसऱ्या गोष्टीवर बोलायला जीभ वळेना. फ्रेम बदलून देऊ नकोस, ती मला आहे तशीच हवी.

फ्रेममधला दादा पंचविशीतला आहे, सरळ भांगाचा. तू शाळेत होतास तेव्हा त्याने एकाएकी भांग सोडला आणि केस मागे वळवले. साहेब झाला, असं सगळे म्हणाले. मग टोपी आली. त्या टोपीखाली त्याने दोन वर्षं काढली, कोणाला हात लावू दिला नाही. शेवटी डॉक्टरकडे नेला तेव्हा कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या, आणि थोड्याच दिवसांत तो शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला. पुढे कितीतरी वर्षं लावत होता. तुझ्या डोळ्यांपुढे खुर्चीतला दादा येतो, माझ्या डोळ्यांपुढे बटणं लावणारा. टोपीखालची दोन वर्षं मात्र फुकट गेली ती गेलीच.

तुझ्या हाताला काय झालंय ते मला माहीत नाही, तुलाही नाही. नुसता खांदा आखडला असेल तर मी स्वतः येऊन ते वाटाण्याएवढं क्ले तुझ्या डोक्यावर थापीन आणि वर दोन टपल्या मारीन. नसेल तर बटणांचं बघू. पण नाव घेतलं नाही म्हणून दुखणं जात नाही. घाबरट म्हणत नाही तुला. मीही घाबरले आहे. ह्या आठवड्यात दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून खाली पेपर आणायला गेले आणि विसरूनच गेले. हे सूनबाईला सांगू नकोस, ती उगाच काळजी करत बसेल. तिच्याशी नीट वाग. फोटोत ती खिडकीकडे बघते आहे, ते मला आवडलेलं नाही.

केस राहू देत. फोटो धुऊन आला, शेजारणीला दाखवला. तरुण दिसतो, म्हणाली. चष्मा लावून म्हणाली, त्यामुळे नोंद घ्यावी लागते.

लोभ आहे. ह्या वेळी गृहीत धरलास तरी चालेल.

मला लेखी उत्तर हवं आहे. त्यात डॉक्टरचं नाव, तपासणीचा दिवस आणि वेळ असावी. टाइप केलेलं पत्र स्वीकारलं जाणार नाही. तुझ्या हाताने लिही, उजव्या. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत गेलं तरी चालेल. दादाचं तसंच व्हायचं, मला ते वाचता येतं. मुदत शनिवार, २९ मार्च, दुपारी बारा, ही आमच्या पोस्टमनची वेळ. तोवर उत्तर आलं नाही तर साडेबाराच्या बसमध्ये मी असेन.

आत्या